गोव्यातील कॅसिनो जहाजावर आई पडली : दाद ठाण्यात मागता येते का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतात. वडिलांच्या साठीनिमित्त सारे कुटुंब गोव्याला गेले होते आणि पणजीसमोर मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजाची पाच तिकिटे मुलाने ऑनलाइन काढली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास जेवणाच्या दालनातून खेळाच्या दालनाकडे परतताना, मध्ये असलेल्या एकुलत्या एका पायरीवर पाय चुकून अठ्ठावन्न वर्षांच्या आई पुढे कोसळल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. कर्मचाऱ्यांनी बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधले. किनाऱ्यावर नेणारी बोट मिळायला चाळीस मिनिटे गेली. ठाण्यात आल्यावर शस्त्रक्रिया होऊन प्लेट बसवावी लागली. तिकिटामागे ‘प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापलेले आहे, एवढे सांगून कॅसिनोने दोन मोफत पास पाठवून दिले. घटनेला अकरा दिवस झाले आहेत. नुकसानभरपाई मागता येईल का आणि त्यासाठी गोव्याला खेटे घालावे लागतील का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देते. गोव्याला खेटे घालावे लागणार नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या पायरीवर अवलंबून आहे. गेली चोवीस वर्षे मी ठाण्यात ग्राहक आणि अपघात दाव्यांची कामे करते. मॉल, मंगल कार्यालय, रिसॉर्ट किंवा हॉटेल अशा ठिकाणी पाय घसरून अथवा अडखळून पडलेल्या माणसांची प्रकरणे या काळात बरीच हाताळली. त्यांतली हरलेली प्रकरणे आठवली, तर जवळजवळ प्रत्येकात दुखापतीचे कागद भरभक्कम होते आणि ज्या जागेने पाडले त्या जागेचा मात्र एकही धड कागद नव्हता. एक्स-रे पाहून ग्राहक आयोगाला सहानुभूती वाटते, पण आदेश सहानुभूतीवर लिहिला जात नाही.

ठाण्याच्या माणसाला रेल्वेमुळे या विषयात एक गैरसमज असतो, तो आधी दूर करते. चालत्या लोकलमधून प्रवासी पडला, तर रेल्वे कायद्यातील कलम १२४-अ नुसार रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते आणि मृत्यू झाल्यास ती रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. चूक कोणाची हे न विचारता पैसे देण्याची ही व्यवस्था संसदेने खास रेल्वेसाठी केलेली आहे. हॉटेल, मॉल किंवा कॅसिनोसाठी तशी तरतूद नाही. ‘पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा, १९९१’ असे नाव वाचून काही जण तो आपल्या नोटिशीत घालतात. तो घातक रसायने व तत्सम पदार्थांच्या अपघातांसाठी आहे, निसरड्या फरशीशी त्याचा संबंध नाही. आपल्याला जागेच्या मालकाची किंवा चालकाची हयगय दाखवावीच लागते.

पैसे देऊन आलेल्या पाहुण्याविषयी जागेच्या चालकाचे कर्तव्य काय, याचे मूळ लंडनच्या एका साखर कारखान्यात आहे. तेथे कामासाठी गेलेला गॅसजोडणीचा कारागीर कठडा नसलेल्या एका खोल उघड्या जागेतून खाली पडला आणि १८६६ साली इंग्लंडच्या न्यायालयाने असे ठरवले की, धंद्याच्या निमित्ताने आपल्या जागेत आलेल्या माणसाला सहसा लक्षात न येणारा, पण चालकाला माहीत असलेला किंवा माहीत असायला हवा असा धोका असेल, तर त्यापासून त्याला वाचवण्याची वाजवी काळजी चालकाने घेतलीच पाहिजे. आपल्याकडची न्यायालये हेच तत्त्व लावत आली आहेत. यातला ‘सहसा लक्षात न येणारा’ हा भाग आपल्या प्रकरणाचा कणा आहे.

दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये म्हटले की असा मनोरा आपोआप पडत नाही, तो पडला यातच हयगय दिसते. पायरीवरून पडणाऱ्याला हा आधार सहसा मिळत नाही, कारण उत्तम बांधलेल्या, लख्ख उजेडातल्या पायरीवरूनही माणसे पडतात. त्यामुळे त्या पायरीत नेमका दोष काय होता, हे आपल्यालाच सांगावे लागेल.

आपण पाठवलेली दोन छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. पायरीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना लाल-सोनेरी वेलबुट्टीचा एकच गालिचा आहे, तो पायरीच्या कडेवरून तसाच खाली उतरला आहे. कडेला पितळी पट्टी नाही, रेडियमची पट्टी नाही, दिवा नाही. डाव्या बाजूला कठडा आहे, पण तो पायरीच्या वीतभर अलीकडेच संपतो. छायाचित्रात कोपऱ्यात यंत्रांचा निळा-जांभळा उजेड आहे आणि पायरी नेमकी त्याच्या पलीकडच्या अंधारात आहे. हे सगळे एकत्र आले की काय होते, ते समजून घ्या. जाताना चढायची पायरी समोरून दिसते, कारण तिचा उभा भाग डोळ्यांपुढे येतो. परतताना तीच पायरी उतरायची असते आणि वरून पाहणाऱ्याला उभा भाग दिसतच नाही. दिसते ती फक्त कड, आणि तीही वेलबुट्टीत हरवलेली असेल तर जमीन सपाटच वाटते. चार-पाच पायऱ्यांचा जिना असता, तर माणूस आपसूक सावध झाला असता. एकटी पायरी म्हणूनच अधिक दगा देते, आणि बांधकामातली जाणती माणसे ती शक्यतो टाळून तेथे उतार करतात.

हे मी मुद्दाम लांबवून सांगत आहे, कारण सामनेवाल्यांचा, म्हणजे कॅसिनोचा, वकील आईंना पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, की याच पायरीवरून तुम्ही पाऊण तासापूर्वी गेला होता, मग तेव्हा दिसली ती परतताना का दिसली नाही? गोंधळलेला साक्षीदार येथे ‘लक्ष नव्हते’ असे म्हणून बसतो आणि प्रकरण तेथेच निम्मे संपते. आईंना काही पढवू नका, मात्र त्यांना नेमके काय दिसले होते आणि काय दिसले नव्हते, हे आठवण ताजी असताना त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. उजव्या हाताने लिहिता येत नसेल, तर त्या सांगतील तसे वडिलांनी लिहावे आणि खाली तारीख घालावी.

राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ मध्ये राहत्या घरांखेरीज इतर इमारतींच्या जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आणि पाऊल ठेवण्याची रुंदी किमान ३०० मिलिमीटर असावी, असे मानक आहे. जहाज ही इमारत नाही, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. जहाजावर पाणी अडवण्यासाठी दारांना उंच उंबरठे असतात, हेही खरे आहे. पण वर्षानुवर्षे नदीत नांगरून ठेवलेल्या, आत गालिचे अंथरून रेस्तराँ आणि खेळाची दालने चालवणाऱ्या जागेत येणारा पाहुणा खलाशी नसतो. म्हणून मी संहितेचा आधार ‘उल्लंघन’ म्हणून नव्हे, तर ‘वाजवी काळजी म्हणजे काय’ याचे माप म्हणून घेते. कोणी परिचित त्या जहाजावर जाणार असेल, तर पायरीची उंची टेपने मोजून टेपसकट छायाचित्र काढायला सांगा. काही वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या प्रकरणात मी स्वतः टेप घेऊन गेले होते. तीन पायऱ्यांपैकी मधली इतर दोघींपेक्षा दोन बोटे उंच निघाली, आणि ‘बाई स्वतःच धडपडल्या’ हा बचाव त्या दोन बोटांपुढे टिकला नाही.

आता कोठे जायचे ते पाहू. दिवाणी न्यायालयात शारीरिक इजेचा दावा करायचा झाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे तो जेथे इजा झाली तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो अथवा धंदा करतो तेथे करावा लागतो. म्हणजे बहुधा गोव्यातच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र वेगळा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ३४ मुळे तक्रारदार जेथे राहतो किंवा स्वतः काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल होते. आपण ठाणे जिल्ह्याचे रहिवासी आहात, तेवढे पुरते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती आणि गोव्यात, केरळात किंवा सिमल्यात गाऱ्हाणे घडलेली माणसे घरी परतली की बहुधा नाद सोडून देत.

कोणत्या स्तरावरच्या आयोगाकडे जायचे, हे ठरवताना मागितलेली भरपाई न पाहता सेवेपोटी दिलेली रक्कम पाहिली जाते. पन्नास लाखांपर्यंत दिलेल्या रकमेची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे असतात, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आपली पाच तिकिटे कितीचीही असली, तरी शुल्क शून्यच राहील. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. ती ऑनलाइन दाखल करता येते, आणि वकील लावलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, हे वकील असूनही सांगणे माझे कर्तव्य आहे.

सामनेवाले काय म्हणतील, याचा मला साधारण अंदाज आहे. ते म्हणतील की तिकीट मुलाने काढले, पडल्या आई, म्हणजे आई ग्राहक नाहीत. हा मुद्दा टिकत नाही, कारण पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच असते. मग ते म्हणतील की जुगाराचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल असतो, त्यामुळे त्यातून हक्क निर्माण होत नाही. हा मुद्दा ऐकायला भारी वाटतो आणि नवखा वकील त्याने दबतोही. पण आपण पैजेचे पैसे मागत नाही आहोत. प्रवेश, जेवण आणि करमणूक यांसाठी पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली, एवढेच आपले म्हणणे आहे, आणि कायद्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत करमणूक स्पष्टपणे समाविष्ट आहे. तक्रारीत मात्र ‘आम्ही पैसे लावायला गेलो होतो’ अशी रसभरित वर्णने करू नका. आई टेबलावर बसल्याच नव्हत्या, तर तसे एका वाक्यात लिहा आणि पुढे जा.

येथे थोडे विषयांतर करते, कारण हा प्रश्न मला तोंडी अनेकदा विचारला जातो. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली आणि पुढे १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळही आले, म्हणून तेथील व्यवसाय परवान्यावर चालतो. महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोंविषयी एक कायदा संमत झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. ठाण्यात, नवी मुंबईत ‘क्लब’ म्हणून गुपचूप चालणाऱ्या जागेत पाय मोडला, तर भरपाई मागायला गेलेल्या माणसाला आधी १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली आपण तेथे काय करत होतो, याचे उत्तर द्यावे लागेल. आपल्या कुटुंबाला ती चिंता नाही.

तिकिटामागच्या ओळीने आपण खचला आहात, असे पत्रावरून दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्लीतील ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात, व्हॅले पार्किंगला दिलेली मारुती झेन चोरीला गेली असताना, ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापून हॉटेलला स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या हयगयीतून सुटता येणार नाही, असे म्हटले. ते प्रकरण गाडी ताब्यात देण्याचे होते, शरीराच्या इजेचे नव्हते, आणि हा फरक सामनेवाले दाखवतीलच. तरीही तत्त्व आपल्या बाजूचे आहे. पाहुणा स्वतः पत्करतो तो धोका पत्ते विरुद्ध जाण्याचा. गालिच्याखाली लपलेल्या पायरीचा धोका त्याला कोणी सांगितलेलाच नसतो, तर तो त्याने पत्करला असे कसे म्हणणार? तिकिटावर ‘वाद फक्त पणजीच्या न्यायालयात’ असेही छापलेले असेल, तर त्याने घाबरू नका. कलम १०० प्रमाणे ग्राहक कायद्यातील दाद ही इतर कायद्यांतील हक्कांच्या जोडीला दिलेली आहे.

मद्याचा मुद्दा नाजूक आहे. आपण लिहिता की आई मद्य घेत नाहीत आणि त्या रात्रीही त्यांनी घेतले नव्हते, पण वडिलांनी आणि आपण घेतले होते. हे लपवू नका. बिल सामनेवाल्यांकडे आहे, चित्रण त्यांच्याकडे आहे, आणि साक्षीदार म्हणून आपली व वडिलांची विश्वासार्हता त्यावर तपासली जाईल. पडलेल्या माणसाने स्वतः घेतली असती, तरी दावा आपोआप बुडाला नसता. आयोगाने त्याचा स्वतःचा हयगयीचा वाटा धरून भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी केली असती. उलट मी तर असे म्हणेन की, प्रवेशाच्या पैशांतच रात्रभर पेये पुरवणाऱ्या आणि पहाटेपर्यंत दालने चालू ठेवणाऱ्या चालकाला आपल्या पाहुण्यांची पावले सरळ पडणार नाहीत हे इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असते, आणि म्हणून पायऱ्यांची, कठड्यांची व उजेडाची काळजी त्याने इतरांहून अधिक घ्यायला हवी.

आता तातडीचे काम. अकरा दिवस गेले आहेत आणि सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसले जाते. कॅसिनोत कॅमेऱ्यांची कमतरता नसते. एकेका टेबलावर डोळा असतो, तेथे दोन दालनांमधल्या वाटेवर नसेल असे मला वाटत नाही. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर आजच कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने एक पत्र पाठवा. त्यात भरपाईचा आकडा घालू नका, रागही घालू नका. तारीख, वेळ, जागा आणि तिकिटाचा क्रमांक लिहून एवढेच मागा की रात्री नऊ ते साडेदहा या वेळेतील त्या वाटेचे आणि बोटीच्या धक्क्याचे चित्रण, अपघाताची नोंदवही, प्रथमोपचाराची नोंद आणि बोटीच्या फेऱ्यांची नोंद जपून ठेवावी. पत्र मिळूनही त्यांनी चित्रण पुसू दिले, तर जवळ असलेला पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध तो पुरावा गेला असता, असे अनुमान काढण्याची मुभा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये आहे. पूर्वीच्या कायद्यात हेच कलम ११४ होते. पत्र पाठवले नसेल, तर ‘नेहमीप्रमाणे पुसले गेले’ हे उत्तर पटण्यासारखे ठरते. पत्राची एक प्रत गोवा शासनाच्या गृह खात्याला आणि एक कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयाला पाठवा. एक खाते परवान्याचे काम पाहते, दुसरे जलवाहतुकीचे. त्यांच्याकडून लगेच काही घडेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण त्यांच्या आवक शिक्क्याची तारीख पुढे कामी येते.

आपल्या मोबाइलमधील छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून इकडे-तिकडे पाठवून मूळ फाइल पुसून टाकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला, तो कोणत्या उपकरणातून कसा आला हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते. आपल्याच जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, जेथे प्रश्न उमेदवारी अर्ज उशिरा भरले गेल्याच्या चित्रणाचा होता, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे ठामपणे सांगितले. आज ती तरतूद साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. ग्राहक आयोगाची पद्धत संक्षिप्त असली, तरी कागद पक्का असलेला बरा.

आणि आता असा एक कागद, ज्याने माझी किमान दोन चांगली प्रकरणे बुडवली आहेत. रुग्णालयात दाखल करताना कॅज्युअल्टीतील डॉक्टर घाईत विचारतात, ‘काय झाले?’ नातेवाईक म्हणतो, ‘पडल्या.’ डॉक्टर लिहितात, ‘घसरून पडल्याचा इतिहास.’ कोठे, कशावरून, केव्हा, काहीच नाही. एका प्रकरणात तर ‘घरी पडल्या’ असे लिहिले गेले होते, केवळ रुग्ण घरून आली म्हणून. आईंचा केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड आजच वाचा. गोव्यात पहिल्या रात्री एक्स-रे काढला तेथील कागदही पाहा. चुकीचे किंवा अपुरे लिहिले असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन घटनेचे ठिकाण व प्रकार नमूद करणारे वेगळे प्रमाणपत्र मागा. जुन्या कागदावर मात्र कोणालाही खाडाखोड करू देऊ नका, त्यातून नवेच संकट उभे राहते.

‘या वयात बायकांची हाडे ठिसूळ असतात, तरुण माणसाचे मनगट मोडलेच नसते,’ असेही म्हटले जाईल. असू द्या. इजा करणाऱ्याला समोरचे शरीर जसे असेल तसे स्वीकारावे लागते. ते नाजूक होते म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. आईंची हाडांच्या घनतेची तपासणी आधी झालेली असेल, तर तो अहवालही दडवू नका.

भरपाईत काय मागायचे, यात लोक दोन टोकांना जातात. काही जण फक्त रुग्णालयाचे बिल लावतात, तर काही जण इंटरनेटवर लास वेगासच्या बातम्या वाचून येतात आणि कोटींचा आकडा सांगतात. आपल्याकडे ज्युरी नाही, आणि ‘जिंकलो तर इतके टक्के’ अशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे, त्यामुळे तशी बोली करणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. आपल्या प्रकरणात शस्त्रक्रिया, औषधे, फिजिओथेरपी, पुढे प्लेट काढावी लागल्यास त्याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला अंदाज आणि प्रवासखर्च हे सरळ आकडे आहेत. मेडिक्लेमने बिल भागवले असले, तरी तो मुद्दा सोडू नका. मोटार अपघाताच्या दाव्यात मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले आहे. आपला दावा मोटार अपघाताचा नाही, तरी तोच युक्तिवाद मी येथे करेन.

आईंच्या कमाईबद्दल आपण पत्रात एक ओळ लिहून पुढे गेला आहात, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. त्या घरून बारा जणांचे पोळी-भाजीचे डबे देतात. पोळी लाटताना सारा भार मनगटावर येतो आणि आईंचे तेच मनगट मोडले आहे. डब्यांचे पैसे मोबाइलवर येत असतील, तर मागच्या सहा महिन्यांचे खात्याचे उतारे काढा आणि रोखीत येत असतील, तर तीन-चार गिऱ्हाइकांची शपथपत्रे घ्या. डबे बंद झाल्याचा व्हॉट्सॲप गटावरचा संदेशही जपा; असा साधा संदेश हिशेबाच्या वहीपेक्षा खरा वाटतो. त्याशिवाय घरातले काम आहेच. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी लागलेल्या आगीत दगावलेल्या गृहिणींच्या श्रमांचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महिना तीन हजार रुपये धरले होते. आकडा आज जुना झाला, पण घरकामाला पैशांत मोल आहे हे तत्त्व तेव्हापासून घट्ट बसले आहे. स्वयंपाकाला बाई ठेवली असेल, तर तिच्या पगाराची सही घेत चला.

फौजदारी तक्रारीचेही आपण विचारले आहे. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत असते आणि दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या हयगयीच्या कृत्यातून ती झाली तर भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू शकते. पण न रंगवलेल्या पायरीसाठी कोण्या एका व्यवस्थापकाला आरोपी करून फारसे काही साधत नाही, आणि त्या वाटेने गेलात तर गोव्याला खेटे मात्र खरोखरच सुरू होतील. माझा सल्ला नको असाच आहे.

वेळ किती लागेल? कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात वर्षे जातात. सामनेवाल्यांना लेखी जबाबासाठी तीस दिवस आणि वाढवून पंधरा, असे पंचेचाळीस दिवसच मिळतात, त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्के केले आहे. म्हणून नोटीस बजावली गेल्याची तारीख डोळ्यांत तेल घालून सांभाळा. समेटाचे बोलणे निघाले तर नाही म्हणू नका, आयोगामार्फत मध्यस्थीचीही सोय आहे. पण ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कोणत्याही पावतीवर, फिजिओथेरपी पुरी होऊन मनगट किती वळते हे कळेपर्यंत, सही करू नका.

त्या दोन मोफत पासांचे काय करावे, असे आपल्या भावाने वेगळे विचारले आहे. ते वापरू नका आणि परतही पाठवू नका. पाकिटावर टपालाची तारीख आहे आणि आतल्या पत्रात ‘आपल्या मातोश्रींना झालेल्या गैरसोयीबद्दल’ असे शब्द आहेत. घटना घडली, त्यांच्या जहाजावर घडली आणि त्यांना ती कळली होती, या तिन्ही गोष्टी त्यांनीच लिहून दिल्या आहेत. पाकीट फाडलेल्या बाजूसह जसेच्या तसे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि आईंच्या त्या रात्रीच्या सँडल न धुता, न पुसता दुसऱ्या पिशवीत ठेवा. तळवे गुळगुळीत झाले होते असे सामनेवाले म्हणतील, तेव्हा ते आयोगापुढे टेबलावर ठेवता आले पाहिजेत.